हळदी-कुंकू बदक : ओळख पक्ष्याची, नोंद पाणथळ जागेची

नागरी सेवा परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य विद्यार्थी दिल्लीला जातात. त्यांतील अनेकांचा मुक्काम करोल बाग आणि त्यालगतच्या जुन्या राजेंद्रनगर, पटेलनगर या भागांत असतो. पर्यावरण या विषयाची टिपणे काढताना रामसर करार, पाणथळ जागा संवर्धन नियम, मध्य आशियाई उड्डाणमार्ग, वन्यजीव संरक्षण कायदा हे घटक त्यांच्या वहीत क्रमाने उतरतात. हे घटक बहुधा याद्यांच्या स्वरूपात पाठ केले जातात. या याद्यांच्या मुळाशी मात्र एक अगदी साधी कृती असते : पाण्यावरचा पक्षी नेमका कोणता, हे ठरविणे. ही कृती अचूक झाली तरच गणना अचूक होते, आणि गणना अचूक झाली तरच एखाद्या जलाशयाला संरक्षण देण्याचा आधार निर्माण होतो. करोल बागेपासून मेट्रोने साधारण तासाभराच्या अंतरावर, यमुनेच्या पाण्यावर आढळणाऱ्या एका बदकाच्या उदाहरणावरून हा संबंध स्पष्ट करता येतो. मराठीत या पक्ष्याला हळदी-कुंकू बदक म्हणतात.

नावातच ओळख

हळदी-कुंकू बदकाचे शास्त्रीय नाव ॲनास पीसिलोऱ्हिंका असे आहे. योहान राइनहोल्ड फॉर्स्टर या निसर्गशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ग्रीक शब्दांपासून बनलेल्या या नावाच्या उत्तरार्धाचा अर्थ 'चित्रविचित्र चोचीचा' असा होतो. मराठी नावही चोचीवरूनच पडले आहे. या बदकाची चोच काळी असते. तिचे टोक हळदीसारखे पिवळे असते, तर चोचीच्या मुळाशी, कपाळाच्या दोन्ही बाजूंना, कुंकवाच्या टिकल्यांप्रमाणे दोन लाल ठिपके असतात. हिंदी भाषक प्रदेशात हा पक्षी गुगराल या नावाने ओळखला जातो. मराठी नावाचे वैशिष्ट्य असे की, ते एकदा कळले की पक्ष्याची सर्वांत खात्रीची खूण वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

पक्ष्यांच्या लोकनामांमध्ये अशी निरीक्षणे पुष्कळ आढळतात. कपाळावर पांढरा टिळा असणाऱ्या काळ्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. फावड्यासारखी रुंद, चपटी चोच असणारे बदक थापट्या म्हणून ओळखले जाते, तर लांब, टोकदार शेपटीच्या बदकाला तलवार बदक असे नाव आहे. जलाशयांच्या काठी राहणाऱ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निरीक्षणाचा सारांशच या नावांत साठविलेला आहे.

हळदी-कुंकू बदक आकाराने पाळीव बदकाएवढे, म्हणजे सुमारे ५५ ते ६३ सेंटिमीटर लांबीचे असते. डोके व मान फिकट असून डोक्याचा माथा गडद असतो आणि डोळ्यातून एक गडद रेघ जाते. छातीवर ठिपके असून मागील बाजूस शरीर अधिकाधिक गडद होत जाते. प्रत्येक पिसाला फिकट कड असल्यामुळे अंगावर खवल्यांसारखी नक्षी दिसते. पंखावर पांढऱ्या कडांचा चकाकता हिरवा पट्टा असतो. पंख मिटलेले असताना पाठीकडील काही पिसांचा पांढरा रंग बाजूने ठळक दिसतो आणि दूरच्या पक्ष्याची ओळख पटविण्यास हीच खूण प्रथम उपयोगी पडते. पाय पोवळ्यासारखे लाल असतात. नर आणि मादी जवळजवळ सारखेच दिसतात. नर किंचित मोठा व त्याचे लाल ठिपके अधिक ठळक असतात. पूर्ण वाढ न झालेल्या पिल्लांच्या चोचीवर हे लाल ठिपके नसतात. म्हणून केवळ लाल ठिपका दिसला नाही एवढ्यावरून हा पक्षी दुसऱ्या जातीचा ठरविणे योग्य नव्हे. ईशान्य भारत व म्यानमारकडे आढळणाऱ्या उपजातीत तर लाल ठिपके लहान असतात किंवा नसतातच.

स्थानिक पक्षी आणि हिवाळी पाहुणे

दिल्लीच्या परिसरात ऑक्टोबर ते मार्च या काळात बदकांची संख्या एकदम वाढते. तलवार बदक, थापट्या, गडवाल, लालसरी, चक्रवाक अशा अनेक जाती उत्तरेकडील शीत प्रदेशांतून व मध्य आशियातून येतात. त्यांचा प्रवास ज्या मार्गाने होतो, त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या मार्गात तीस देशांचा समावेश होतो. हिवाळा संपला की हे पाहुणे परत जातात.

हळदी-कुंकू बदक मात्र भारतीय उपखंडाचे रहिवासी आहे. ते लांबचे स्थलांतर करीत नाही. पाणी आटले तर जवळपासच्या दुसऱ्या जलाशयाकडे जाते आणि पाणी परत आले की परतते. उत्तर भारतात त्याचा विणीचा काळ प्रामुख्याने जुलै ते सप्टेंबर असा असतो. पाण्याजवळच्या गवतात अथवा दाट पाणवनस्पतींत, जमिनीवरच ते घरटे करते. मादी साधारणतः आठ ते चौदा अंडी घालते.

हा फरक केवळ जीवशास्त्रीय नाही, तर नियोजनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. जानेवारीत एखाद्या तलावावर शेकडो तलवार बदके दिसली, तर त्या तलावात हिवाळ्यात पाणी व खाद्य असते, एवढेच सिद्ध होते. मे महिन्यात तेथे हळदी-कुंकू बदके टिकून असतील, तर पाणी उन्हाळ्यातही राहते, असे अनुमान निघते. सप्टेंबरमध्ये त्यांच्यामागे पिल्लांची रांग दिसली, तर काठावर घरट्याला पुरेसे आच्छादन आहे आणि भटकी कुत्री, गुरे व माणसे यांच्या वर्दळीतूनही विणीस जागा उरली आहे, हे कळते. म्हणजे समोरचे बदक स्थानिक की पाहुणे, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या जलाशयाविषयीचा निष्कर्ष अवलंबून असतो.

येथे एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. बदक आढळले म्हणजे पाणी शुद्ध आहे असा अर्थ होत नाही. दिल्लीतील यमुनेचे प्रदूषण सर्वज्ञात आहे, तरीही त्या पाण्यावर बदके उतरतात. पाण्याची शुद्धता विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी अशा मापांवरूनच ठरते. पक्ष्याची नोंद त्या मापांना पूरक असते, पर्याय नव्हे.

करोल बागेतून ओखल्यापर्यंत

हे बदक पाहण्यासाठी दिल्लीत अनेक जागा आहेत. त्यांपैकी ओखला पक्षी अभयारण्य सार्वजनिक वाहतुकीने सर्वांत सोयीचे आहे. करोल बाग स्थानकातून निळ्या मार्गिकेवरील नोएडाकडे जाणाऱ्या मेट्रोने बोटॅनिकल गार्डनला उतरावे. तेथून किरमिजी मार्गिकेवरील पुढचेच स्थानक ओखला पक्षी अभयारण्य या नावाचे आहे. यमुना दिल्लीतून उत्तर प्रदेशात प्रवेश करते त्या ठिकाणी बांधलेल्या बराजमुळे येथे पाणी पसरून मोठा जलाशय तयार झाला. सुमारे चार चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला उत्तर प्रदेश शासनाने १९९० मध्ये अभयारण्याचा दर्जा दिला. तीनशेहून अधिक पक्षीजातींची येथे नोंद झाली आहे. नदीवरील बांधकामातून निर्माण झालेली पाणथळ जागा कालांतराने पक्ष्यांचे आश्रयस्थान कशी बनते, याचे हे उदाहरण आहे. महाराष्ट्रातील नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथेही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच पाणथळ प्रदेश तयार झाला आणि पुढे तो राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरला.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान आहे. त्याला १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा, तर २०२१ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दिल्ली व हरियाणाच्या सीमेवरील नजफगढ झील हीदेखील पाणपक्ष्यांसाठी महत्त्वाची जागा आहे.

दिल्लीतील पक्षीनिरीक्षणाला जुनी परंपरा आहे. होरेस अलेक्झांडर व इतर निरीक्षकांच्या पुढाकाराने १९५० मध्ये येथे पक्षीनिरीक्षकांची संस्था स्थापन झाली. उषा गांगुली यांचे दिल्ली परिसरातील पक्ष्यांवरील पुस्तक १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा जुन्या नोंदी उपलब्ध असल्यामुळेच पूर्वी नेहमी दिसणारी एखादी जात आता विरळ झाली आहे का, हे आज ताडून पाहता येते.

सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांतून निवड

ओळख पटविताना पहिला प्रश्न असा की, पाण्यावरचा प्रत्येक पक्षी बदकच असतो का? तसे नाही. वारकरी हा पक्षी बदकांच्या थव्यात मिसळून पोहतो, पण त्याची चोच कोंबडीसारखी टोकदार व पांढरी असते आणि त्याच्या बोटांना पडद्याऐवजी पसरट झालरी असतात. टिबुकली हा लहान पक्षी क्षणात पाण्याखाली नाहीसा होऊन दूरवर वर येतो. दोन्हीही बदकांच्या कुळातील नाहीत.

दुसरा प्रश्न खाद्य मिळविण्याच्या पद्धतीचा. बदकांचे या दृष्टीने ढोबळमानाने दोन गट पडतात. एका गटातील बदके उथळ पाण्यात डोके खाली व शेपूट वर करून तळाचे खाद्य टिपतात. हळदी-कुंकू बदक, तलवार बदक, थापट्या व गडवाल या गटातील आहेत. दुसऱ्या गटातील बदके पूर्ण बुडी मारतात. लालसरी या दुसऱ्या गटातील होय. पहिल्या गटातील बदके पाण्यावरून थेट हवेत झेप घेतात, तर बुडी मारणाऱ्या बदकांना उडण्यापूर्वी पाण्यावर काही अंतर धावावे लागते. रंग नीट दिसत नसतानाही एवढ्या निरीक्षणाने निम्मे पर्याय बाद होतात.

खरी अडचण पुढे येते. तपकिरी रंगाच्या, ठिपकेदार अंगाच्या माद्या अनेक जातींत परस्परांसारख्या दिसतात. शिवाय विणीनंतर पिसे बदलण्याच्या काळात बऱ्याच जातींचे नरही माद्यांसारखे मळकट दिसू लागतात. हिवाळ्याच्या आरंभी दिल्लीत पोहोचलेले पाहुणे बहुतेकदा याच अवस्थेत असतात. अशा वेळी पुढील खुणा पडताळून पाहाव्यात.

१) गडवालची मादी : चोचीच्या दोन्ही कडा नारिंगी असतात. पंखावरील पट्टा हिरवा नसून पांढरा असतो.

२) मॅलार्डची मादी : चोच नारिंगी असून तिच्यावर गडद डाग असतो. पंखावरील पट्टा निळा-जांभळा असून त्याला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या कडा असतात.

३) तलवार बदकाची मादी : मान लांब व सडपातळ, चोच करडी आणि शेपूट टोकदार असते.

४) थापट्याची मादी : चोच डोक्याच्या मानाने मोठी व टोकाशी रुंद असते. पाण्यावर पोहताना चोच पृष्ठभागाला टेकलेली दिसते.

५) हळदी-कुंकू बदक : काळ्या चोचीचे पिवळे टोक, फिकट मान, मागे गडद होत जाणारे शरीर आणि मिटलेल्या पंखावरची पांढरी खूण. नर व मादी वर्षभर जवळपास सारखेच दिसत असल्यामुळे ऋतू बदलला तरी या खुणा बदलत नाहीत.

कोणत्याही एका खुणेवर विसंबून न राहता किमान दोन-तीन खुणा जुळल्यावरच नाव निश्चित करावे, हा पक्षीनिरीक्षणातील मूलभूत नियम आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात रंग फसवे दिसतात. चिखलात चोच बुडविणाऱ्या पक्ष्याचे पिवळे टोक झाकले जाऊ शकते. खुणा पुरेशा दिसल्या नाहीत, तर 'अनिश्चित बदक' अशी नोंद करणे हे चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा अधिक शास्त्रीय ठरते.

चुकीच्या ओळखीचे परिणाम

ओळखीतील चूक किती दूरगामी असू शकते, हे गुलाबी डोक्याच्या बदकाच्या इतिहासावरून दिसते. पूर्व भारतातील दलदली व उंच गवताच्या प्रदेशात आढळणारे हे बदक भारतात खात्रीलायकरीत्या शेवटचे १९३५ मध्ये, बिहारमधील दरभंगा भागात नोंदले गेले. त्यानंतरही ते दिसल्याचे दावे अधूनमधून झाले. मोठी लालसरी या बदकाच्या नराचे डोके नारिंगी-तांबूस व चोच लाल असते. दुरून पाहिल्यास त्याच्यामुळे गैरसमज होऊ शकतो. अशा दाव्यांची छाननी करताना हीच शक्यता वारंवार पुढे आली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत गुलाबी डोक्याचे बदक अतिसंकटग्रस्त या वर्गात आहे. नामशेष झालेला पक्षी जिवंत आहे असे चुकीने मानले, तर शोधमोहिमांचा खर्च व्यर्थ जातो. उलट, उरलेला पक्षी नामशेष मानला, तर त्याचा अधिवास संरक्षणाविना नष्ट होतो. दोन्ही बाजूंनी किंमत मोजावी लागते.

दुसरे उदाहरण दिल्लीचेच आहे. जानेवारी २०२१ मध्ये पूर्व दिल्लीतील संजय झील येथे बदके मृत आढळली आणि तपासणीत बर्ड फ्लूचा संसर्ग निष्पन्न झाला. अशा प्रसंगी मृत पक्षी तलावावर राहणारी पाळीव बदके आहेत की नुकतेच आलेले स्थलांतरित पक्षी आहेत, हे प्रशासनाला तातडीने कळावे लागते. संसर्ग कोठून आला असावा, कोणत्या पक्ष्यांवर लक्ष ठेवावे आणि आसपासच्या कुक्कुटपालकांना काय सूचना द्याव्यात, हे त्यावर ठरते. मस्कोव्ही बदक वगळता बहुतेक पाळीव बदके मॅलार्डपासूनच उत्पन्न झाली असल्यामुळे उद्यानांतील तलावांवर पाळीव व वन्य बदकांत गल्लत होणे सहज शक्य असते. राजस्थानातील सांभर सरोवरात नोव्हेंबर २०१९ मध्ये बोट्युलिझममुळे हजारो पक्षी मृत्युमुखी पडले. तेथेही कोणत्या जातींचे किती पक्षी दगावले, याची जातवार मोजदाद करावी लागली.

ओळखीकडून गणनेकडे

दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना घेतली जाते. भारतीय उपखंडात १९८७ मध्ये सुरू झालेल्या या गणनेत हजारो स्वयंसेवक आपापल्या भागातील जलाशयांवर जाऊन जातवार संख्या नोंदवितात. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था तिचे संयोजन करते आणि भारतात १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिच्यात महत्त्वाचा वाटा राहिला आहे.

या आकड्यांचा उपयोग कोठे होतो? इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा निवडण्यासाठी नऊ निकष आहेत. भारतात हा करार १ फेब्रुवारी १९८२ पासून लागू झाला. पाचव्या निकषानुसार ज्या ठिकाणी नियमितपणे २० हजार किंवा अधिक पाणपक्षी असतात ते स्थळ पात्र ठरते. सहाव्या निकषानुसार, पाणपक्ष्यांच्या एखाद्या जातीच्या अथवा उपजातीच्या एका समूहातील किमान एक टक्का पक्षी जेथे नियमितपणे आढळतात ते स्थळ पात्र ठरते. पाचव्या निकषासाठी एकूण संख्या पुरेशी असते. सहाव्यासाठी मात्र प्रत्येक जातीची स्वतंत्र व अचूक संख्या लागते.

समजा, एखाद्या जातीच्या समूहात एकूण एक लाख पक्षी आहेत. तेव्हा एक टक्क्याची मर्यादा एक हजार होईल. एखाद्या तलावावर ११०० पक्षी मोजले गेले, पण त्यांतील २०० पक्षी प्रत्यक्षात सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या माद्या असतील, तर खरी संख्या ९०० होते आणि तो तलाव या निकषाला उतरत नाही. उलट प्रकारची चूक झाली, तर पात्र असलेला तलाव यादीबाहेर राहतो. निकष कितीही काटेकोर असला, तरी त्याची विश्वासार्हता बांधावर उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या नजरेइतकीच असते.

नागरिकांनी केलेल्या नोंदींचे महत्त्व अलीकडे अधिकच वाढले आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा २०२३ मधील अहवाल ई-बर्ड या संगणकीय मंचावर पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर आधारित आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ जातींना संवर्धनात अग्रक्रम देण्याची गरज दर्शविण्यात आली. ज्या पक्षीगटांची घट लक्षणीय आहे त्यांत बदकांचाही उल्लेख आहे. हळदी-कुंकू बदक लाल यादीत आज 'चिंता नाही' या वर्गात असले, तरी सर्वत्र दिसणारी जात कमी होऊ लागली आहे हे नियमित नोंदींशिवाय वेळेवर कळत नाही. विरळ पक्ष्याची प्रत्येक नोंद आवर्जून केली जाते. नेहमीच्या पक्ष्याची नोंद मात्र 'तो तर असतोच' म्हणून वगळली जाते.

कायदा आणि यादीबाहेरची तळी

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांची शिकार करण्यास मनाई आहे. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे व त्यांची नासधूस करणे याचाही समावेश होतो. या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि अनुसूचींची संख्या सहावरून चार झाली. गुलाबी डोक्याच्या बदकासारख्या दुर्मीळ जाती पूर्वीपासूनच पहिल्या अनुसूचीत होत्या, तर सामान्य बदके खालच्या अनुसूचीत होती. अनुसूचीनुसार शिक्षा बदलत असल्यामुळे गुन्ह्याच्या तपासातही पक्ष्याची जात निश्चित करणे आवश्यक ठरते.

पक्ष्याला कायद्याचे संरक्षण असले, तरी त्याच्या पाण्याला ते असतेच असे नाही. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ हे २०१० च्या नियमांच्या जागी आले. या नियमांत राज्य पाणथळ प्राधिकरणांची तरतूद आहे. परंतु नदीपात्रे, भातशेते, तसेच पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन, मीठ उत्पादन व मनोरंजन यांसाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय या नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. हळदी-कुंकू बदकाचा वावर प्रामुख्याने याच प्रकारच्या पाण्यावर असतो : गावतळी, पाझर तलाव, कालव्यालगतच्या दलदली आणि भातखाचरे. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलाशय गणनेत देशभरात २४ लाखांहून अधिक जलाशयांची नोंद झाली. रामसर यादीतील स्थळे त्यांच्या तुलनेत बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

शहराजवळील जलाशयांवरील ताण तर अधिकच तीव्र असतो. ओखला अभयारण्याजवळील नोएडातील बांधकामांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. लवादाच्या २०१३ मधील आदेशामुळे अनेक गृहप्रकल्प अडले आणि घरे घेतलेल्या कुटुंबांना प्रतीक्षा करावी लागली. अखेर २०१५ मध्ये अभयारण्याभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. एका बाजूला पाणथळ जागा आणि दुसऱ्या बाजूला निवाऱ्याची गरज, असा हा पेच होता. अशा वादांत कोठे किती क्षेत्र राखावे, याचा निर्णय भावनेवर नव्हे तर अनेक वर्षांच्या विश्वसनीय नोंदींवर आधारलेला असणे सर्वांच्याच हिताचे असते.

नोंद कशी करावी

पक्षीनिरीक्षणासाठी फार साधने लागत नाहीत. आठपट किंवा दहापट मोठे दाखविणारी दुर्बीण, पक्ष्यांची सचित्र मार्गदर्शिका आणि वही-पेन्सिल पुरेशी असतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. बांधावरून न उतरता, शांतपणे निरीक्षण करावे. पक्ष्यांना खाद्य घालू नये. छायाचित्रासाठी जवळ जाऊन थवा उडवू नये. थंडीत प्रत्येक उड्डाणाला पक्ष्याची साठविलेली ऊर्जा खर्ची पडते, आणि विणीच्या काळात मादी घरट्यावरून उठली तर अंडी कावळ्यांच्या दृष्टीस पडतात.

नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, जात, संख्या, पिल्ले असल्यास त्यांची संख्या आणि पाण्याची स्थिती या बाबी असाव्यात. संख्या मोजताना थव्याचा लहान भाग मोजून त्या प्रमाणात एकूण अंदाज करता येतो. मात्र तो अंदाज आहे, असे स्पष्ट लिहावे. एकाच जागी दर महिन्याला एकदा केलेली बारा निरीक्षणे ही बारा वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या सहलींपेक्षा अधिक उपयुक्त ठरतात. महिन्याच्या एका रविवारी सकाळी ओखल्याला जाऊन दुपारी अभ्यासिकेत परतणे करोल बागेतील विद्यार्थ्यालाही शक्य असते. परीक्षा संपवून गावी परतल्यावर हीच पद्धत गावतळ्यालाही लागू पडते.

समारोप

विकासाच्या नियोजनात आकडेवारीला निर्णायक स्थान असते. जलाशय बुजवावा की राखावा, पाणी किती सोडावे, संरक्षित क्षेत्राची सीमा कोठे आखावी, हे निर्णय पुढे ज्यांच्या हाती येतील, त्यांतील काही अधिकारी आज स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत आहेत. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या अहवालात 'हळदी-कुंकू बदक, ४२, पिल्लांसह' अशी एखादी ओळ असेल. त्या ओळीचा अर्थ असा की, त्या तळ्यात उन्हाळाभर पाणी टिकले, काठावर झुडपे-गवत शिल्लक राहिले आणि तळे कोणत्याही यादीत नसले तरी ते जिवंत आहे. तो अर्थ लावण्यासाठी नोंद अचूक असावी लागते, आणि ती वाचणाऱ्यालाही काळ्या चोचीवरची हळद व कुंकू म्हणजे काय, हे ठाऊक असावे लागते.